लाचखाऊ गोणपाट

मोज्यांच्या कारखान्यातून मोजे पळवणं वाटतं तितकं सोपं नसतं. दारावर खिसे चाचपले जातात, डबे उघडले जातात, छत्रीसुद्धा उलटी करून झटकली जाते. मग माणसाला शेवटी एकच जागा सुचते, ती म्हणजे स्वतःचे पाय. एकावर एक चार जोड चढवायचे, वर बूट कोंबायचे आणि आजारी सासऱ्याला बघायला निघाल्यासारखा चेहरा करून बाहेर पडायचं. असे पाय झडतीमामांना लांबून, नुसत्या चालीवरून ओळखू येत.

"बसा जरा," मामा म्हणत. "पाय सुजलेत वाटतं?"

"हो ना मामा, फार ठणकतात."

"दोन्ही एकदमच सुजले? आणि सुजेवर रेघारेघांची नक्षी कधीपासून यायला लागली?"

या दारावर मामांचे केस पांढरे झाले होते. संध्याकाळी भोंगा वाजला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, एवढंच काम. कामगार त्यांना मामा म्हणत ते थोडं प्रेमाने आणि बरंचसं धोरणाने. मामा म्हटल्यावर तरी हात हलका पडेल, ही आशा. ती कधी फळली नाही. मामा भाच्यांचे खिसे जास्तच मनापासून तपासत.

तसा माणूस वाईट नव्हता. पण सुताराच्या अंगाला भुसा चिकटून घरी यावा तसा संशय त्यांच्याबरोबर घरी येई. कुठल्याही दुकानातून बाहेर पडताना ते आपणहून दोन्ही हात वर करून उभे राहत आणि दुकानदार घाबरून गल्ल्यामागे जाई. तरुणपणी एकदा त्यांचं लग्न अगदी जमत आलं होतं. चहा झाला, हसणंखिदळणं झालं, मुलीचे वडील सोडायला म्हणून दारापर्यंत आले, आणि दार दिसताच मामांनी बोलता बोलता त्यांचे खिसे चाचपले. खिशात दोन बिस्किटं निघाली. म्हाताऱ्यांना गोड बंद होतं. मामांचं लग्न तिथेच मोडलं आणि म्हाताऱ्यांचं मोडता मोडता राहिलं.

अशा माणसाचा सगळ्या जगात एकाच जिवावर विश्वास होता. तो जीव म्हणजे गोणपाट.

गोणपाट हा कुत्रा. रंग गोणपाटाचा, पोत गोणपाटाचा, आणि बसला की आकारही तोच. पिल्लू होता तेव्हा कुठूनसा आला आणि मामांच्या स्टुलाखाली बसला तो बसलाच. पुढे पुढे लोकांच्या लक्षात आलं की ज्याच्या बुटात काही असेल त्याच्या पायाशी हा हुंगत राहतो. मग भाच्यांनी त्याला फितवायचा चंग बांधला. कुणी मटणाचा तुकडा टाकला, कुणी केक, कुणी बायकोने डब्यात दिलेलं सगळंच टाकलं. गोणपाटने एकेक वस्तू हुंगली आणि मान फिरवली. दिवेलागणीला मामा ताटलीत भात घेत, त्यावर उकडलेलं अंडं कुस्करत आणि घास हातात धरून पुढे करत. तेवढं तो खाई.

"मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत," मामा छाती फुगवून सांगत, "या कारखान्यात न खाणारा हा एकटा."

असं सगळं बरं चाललं असताना मॅनेजरने मामांना बोलावून रजेवर जायला सांगितलं.

"का?" मामांनी विचारलं.

"तुमची रजा साठलीय."

"साठू दे की. सडते की काय?"

"मामा, माणसाने कधीतरी आराम करावा."

मामांनी मॅनेजरच्या बुटांकडे बघितलं. तिथे काही संशयास्पद नव्हतं, म्हणून संशय आणखीच वाढला. घरी येऊन त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"अगं, मला रजेवर पाठवतायत. काहीतरी शिजतंय."

"तुझं डोकं शिजलंय," बहीण म्हणाली. "जा की कुठेतरी. मी ऑफिसातल्या एका बाईच्या ओळखीने खोली बघून देते. खेडं आहे, गाईगुरं आहेत, मोकळी हवा आहे."

"एकटाच जाऊ?"

"मग काय वरात काढू? तुझ्याबरोबर येणार कोण? मागच्या वेळी इथून निघताना तुझ्या मेहुण्यांची बॅग उघडून बघितलीस. आमच्याच घरात! अजून बोलत नाहीत ते."

"माझा टॉवेल होता त्यात."

"तो तूच त्यांना भेट दिला होतास रे! त्या कुत्र्याला ने आणि जा एकदाचा."

म्हणून मामा आयुष्यातल्या पहिल्या सुट्टीला निघाले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भातासाठी पातेलं, आणि मागून गोणपाट.

खोली गावाच्या तोंडाशी होती. घरमालकीण शेजारीच राहायची. पन्नाशीची, ठसठशीत, तीन गाई, मोठा गोठा आणि त्याहून मोठा आवाज. तिने कुलूप उघडलं आणि हौसेने खिडकी दाखवायला गेली, तर मामा पलंगाखाली वाकलेले. मग त्यांनी कपाटात डोकं घातलं, गादी उचलून बघितली, भिंतीवर टिचक्या मारल्या.

"काही हरवलंय का?" तिने विचारलं.

"अजून नाही," मामा म्हणाले.

बाईने पदर सावरला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. एकटा माणूस. सोबत बायको नाही, पोरं नाहीत. सुट्टीला आलो म्हणतो आणि भिंती वाजवतो. बरोबर कुत्रा, तोही न भुंकणारा, नुसता हुंगणारा. तिच्याही मनात पाल चुकचुकली. थोडक्यात, पहिल्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी एकमेकांवर नजर ठेवायला सुरुवात झाली.

खरा घोळ झाला दुसऱ्या दिवशी सकाळी. मामा चहाचा कप घेऊन खोलीपुढच्या पायरीवर बसले होते. समोरून अरुंद गल्ली जात होती, आणि तिच्यातून गावातले लोक दुधाचे डबे घेऊन डेअरीकडे निघाले होते. अरुंद वाट, एकामागून एक बाहेर पडणारी माणसं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी झाकलेलं. मामांची काही चूक नव्हती. त्यांचा हात आपोआप वर गेला.

"थांबा," ते म्हणाले. "झाकण?"

बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. "सवय हो, चुकून आलं तोंडातून" असं ते म्हणणारच होते, पण सगळ्यांत पुढच्या मिशीवाल्या गृहस्थांनी तेवढ्यात झाकण उघडलंसुद्धा. गोणपाट उठला, डब्यावर नाक नेलं, एकदा फुसकन शिंकला आणि तोंड फिरवून परत येऊन बसला.

मिशीवाले पांढरेफटक पडले. तो चेहरा मामांच्या ओळखीचा होता. तो चार जोड मोजे घातलेला चेहरा होता.

"जा," मामा सावकाश म्हणाले, पण मनात नोंद झाली. इथे काहीतरी आहे. दुधाच्या डब्यातून काय पळवत असतील हे त्यांना सुचेना, पण काहीतरी आहे.

त्या दिवसापासून रोज सकाळी मामांचा हात वर जाई, झाकणं मुकाट उघडली जात, आणि गाव एकाएकी गोड झालं. "काय साहेब, झोप लागली ना?" "साहेब, डास नाहीत ना?" "साहेब, कुत्रा फारच गुणी हो तुमचा!" कारखान्यात मामांच्या तब्येतीची चौकशी झाली, की त्या संध्याकाळी नक्की कुणाच्या तरी बुटात माल सापडे. त्यामुळे प्रत्येक "झोप लागली ना"बरोबर त्यांची झोप थोडी उडत गेली.

आणि मग गोणपाटने जेवण सोडलं.

मामांनी नेहमीसारखा भात केला, अंडं कुस्करलं, घास पुढे केला. गोणपाटने हुंगलं आणि अगदी अदबीने मान फिरवली. भाच्यांचं मटण बघून फिरवायचा तशीच. मामांचा हात तसाच राहिला.

"काय रे? मीठ जास्त झालं?"

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी मामांनी अंडं जास्त घातलं, भात गार करून बघितला, गरम करून बघितला, स्वतः खाऊन दाखवला. गोणपाट प्रेमाने शेपूट हलवत राहिला आणि खाईना. आजारी म्हणावा तर नाक ओलं, डोळे टवटवीत, अंगावर तुकतुकी. उलट पोट जरा सुटल्यासारखं.

मामा रात्रभर कूस बदलत राहिले. इतकी वर्षं सगळं जग आपल्याला टाळून दुसऱ्या दारातून जातं, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे, कारण एक प्राणी त्यांच्याच हातचं खात होता. तोही आता दुसऱ्या कुणाचं खायला लागला असेल तर? चोर आधी कुत्र्याला फितवतात आणि मग घर फोडतात, हे त्यांना माहीत होतं. पण खोलीत फोडण्यासारखं काही नव्हतं, आणि चोरीची त्यांना भीतीही वाटत नव्हती. कुत्रा फितला असेल, याची वाटत होती.

सकाळी गोणपाट बाहेरून परत आला तेव्हा मामा दारात उभे होते.

"थांब," ते म्हणाले.

गोणपाट थांबला. आजवर त्याची झडती कधी कुणी घेतली नव्हती. मामांनी त्याचे पंजे उचलून बघितले. शेण लागलं होतं. कान बघितले. मग खाली बसून त्याच्या तोंडाचा वास घेतला. दुधाचा, नुकत्याच काढलेल्या दाट दुधाचा वास, आणि मिशांवर थेंब.

मामांनी हजारो लोकांकडून माल पकडला होता. पकडल्यावर मजा यायची ती या वेळी आली नाही.

पुढच्या सकाळी मामा झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. गोणपाट उठला, आळस दिला, मामांचा चेहरा हुंगून खात्री केली आणि निघाला. मामा अनवाणी त्याच्या मागे. कुत्रा कुंपणाच्या भोकातून गेला. मामांनाही त्या भोकातून जावं लागलं, आणि त्यांचा सदरा तिथे थोडा राहिला.

पहिला मुक्काम मिशीवाल्यांचा गोठा. मामा कडब्याच्या गंजीमागे लपले. मिशीवाले चक्क उकिडवे बसून गोणपाटपुढे वाडगा धरत होते.

"प्या महाराज, प्या. अगदी धारेचं आहे, थेंबभर पाणी नाही. फक्त तेवढं एक करा. आमचा डबा आला की तोंड नका फिरवू. लोक बघतात हो."

महाराज लपालपा प्यायले. तिथून पुढच्या गोठ्यात, तिथून त्याच्या पुढच्या. सगळीकडे वाडगा भरून तयार. गोणपाट वसुलीला निघालेल्या अधिकाऱ्यासारखा दारोदार थांबत गेला आणि शेवटी शिरला थेट घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. तिथे तर त्याच्यासाठी पाटही मांडला होता.

आता मात्र मामांना राहवेना. ते दारात जाऊन उभे राहिले. केसांत कडबा, सदरा फाटलेला.

"काय चाललंय हे?"

बाईच्या हातातून पळी पडली.

"साहेब," तिने हातच जोडले, "आमच्या दुधात पाणी जातं, खोटं कशाला बोलू. पण मुद्दाम नाही हो. बादली धुतो ना, त्यात राहतं थोडं."

"किती राहतं?"

"आता... बादली मोठी आहे."

मामा आत आले. "मला हे कशाला सांगताय? कोण समजलात मला?"

"तपासणीचे साहेब. आणि हा पाणी ओळखणारा कुत्रा. पहिल्याच सकाळी मिशीवाल्यांच्या दुधाला शिंकला की तो! तुम्ही पैशाला हात लावणार नाही असं तुमच्या तोंडावर लिहिलेलंच आहे. मग आम्ही म्हटलं, निदान कुत्र्याला तरी खूश ठेवावं."

"मी मोज्यांच्या कारखान्यात दारावर असतो!"

"मोज्यांच्या?"

"पायातल्या. चोरून नेतात, त्यांना पकडतो. माझा दुधाशी काही संबंध नाही."

बाईने पडलेली पळी उचलली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर वेगळाच रंग चढायला लागला.

"म्हणजे दुधाशी काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग आठवडाभर हे माझं निखळ दूध प्यायलं ते कशाबद्दल? माझ्या पोरांनी कधी इतकं दाट दूध बघितलं नाही! आणि डब्यांची झाकणं का उघडायला लावत होता हो तुम्ही सगळ्यांना?"

मामांनी केसांतला कडबा काढला. "हात वर गेला," ते पुटपुटले.

"हात वर गेला म्हणे! इथे सगळ्या गावाचा जीव वर गेला!"

पण मामांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते पाटावर बसून वाडगा चाटणाऱ्या गोणपाटकडे बघत होते. "तो माझ्या हातचं खात नाही आता," ते म्हणाले. "इतकी वर्षं कुणाचं काही खाल्लं नव्हतं त्याने. तुम्ही लाचखाऊ केलात त्याला."

बाईने वाडग्याकडे बघितलं, मग मामांच्या तोंडाकडे. राग थोडा उतरला, पण जिभेवरचा खट्याळपणा उतरेना.

"मग आता तो आमचाच म्हणायचा. खाल्ल्या मिठाला जागेल ना."

हे मामांना लागलं. फार लागलं. इतकं, की ते एकदम ताठ उभे राहिले.

"बाहेर या," ते म्हणाले. "वाडगा घेऊन या. गल्लीच्या त्या टोकाला तुम्ही, या टोकाला मी. त्याला मधे ठेवायचं. तुमच्याकडे आला आणि तुमच्याकडेच राहिला तर मी एकटा परत जातो. ठेवा तुमच्याकडे."

"अहो, मी गमतीने म्हटलं..."

"मी नाही म्हटलं गमतीने."

बातमीला पाय फुटले. गाव गल्लीत जमा झालं. साहेब साहेब नाहीत हे कळल्यावर आधी सगळे चिडले, मग हायसं वाटलं, आणि मग फुकटची करमणूक आहे म्हटल्यावर सगळं विसरून दोन्ही बाजूंना उभे राहिले. मिशीवाल्यांनी गोणपाटला गल्लीच्या मधोमध आणून सोडलं. एका टोकाला बाई, हातात काठोकाठ वाडगा. दुसऱ्या टोकाला मामा, हातात थंड भात आणि अंडं.

"ये रे राजा!" बाई म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा.

"गोणपाट," मामा म्हणाले. त्यांनी ताटली पुढे केली.

गोणपाटने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं. मग शेपूट वर करून सरळ चालू लागला. बाईकडे.

गावाने टाळ्या वाजवल्या. मामांनी ताटली खाली ठेवली. गोणपाट तिकडे दूध पीत होता. घाईने नाही, चवीने, तळ चकचकीत होईपर्यंत. बाईलाही आता बघवेना. "पुरे रे, जा ना," ती हलकेच म्हणाली, पण तो वाडग्याची कड चाटत राहिला.

मामा खोलीकडे वळले. पिशवी भरायला कितीसा वेळ लागणार. दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच मागे नखांची खुडखुड ऐकू आली. ते थांबले, पण मागे वळले नाहीत. वळून बघितलं आणि दुसराच कुणी कुत्रा निघाला तर?

गोणपाट त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. भाताच्या ताटलीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. त्याने मामांचे अनवाणी पाय हुंगले, आधी एक, मग दुसरा, नीट खात्री केली, गोल फिरला आणि त्यांच्या उजव्या पावलावर सगळ्या अंगाचा भार टाकून आडवा झाला.

मग सगळेच बोलायला लागले.

"बाई जिंकल्या! तो आधी तिकडे गेला."

"कसल्या जिंकल्या? राहिला कुठे ते बघा."

"जेवायला तिकडे आणि झोपायला इकडे? हा कुत्रा नाही, जावई आहे!" मिशीवाले म्हणाले, आणि सगळी गल्ली हसली.

बाई रिकामा वाडगा घेऊन जवळ आली. "अहो मामा," ती म्हणाली. साहेबाचे मामा कधी झाले ते दोघांनाही कळलं नाही. "तुमचाच आहे तो. मी उगाच बोलले."

"पण भात खाल्ला नाही," मामा म्हणाले.

"पोटात दूध किती आहे त्याच्या! उद्या खाईल. आता कुणी घालणार नाही त्याला, मी सांगते सगळ्यांना."

"नको," मामा जरा विचार करून म्हणाले. "एखादा वाडगा घाला. आवडतं त्याला."

"कसला घालू? निखळ की बादलीतला?"

"निखळ," मामा म्हणाले. "नाहीतर शिंकेल."

लोक हसत हसत आपापल्या डब्यांकडे गेले. ऊन चढायला लागलं. मामांच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. गोणपाट घोरत होता. मामांनी खाली वाकून निरखून बघितलं. एक पापणी किंचित उघडी होती की काय, आणि घोरणंही जरा जास्तच नियमित वाटत होतं. झोपेचं सोंग असण्याची दाट शक्यता होती. मामांनी पाय काढला नाही.